उघडं पातं

करवतवाला धारखोलीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा धारवाला एकोणिसाव्या दातावर होता. पातं टेबलावरच्या खुंटीवर बसवलेलं, चांगलं परातीएवढं, बहात्तर दातांचं. एका हाताने तो ते दातादाताने पुढे सरकवत होता आणि दुसऱ्या हातातल्या भिंगातून दोन दातांमधल्या बेचक्यात कुठे चीर गेलीय का ते पाहत होता. त्याने मान वर केली नाही. कोण आलंय ते बुटांच्या आवाजावरूनच कळलं होतं.

या खोलीचा नियम एकच. पात्यावरची कातडी खोळ काढली की कोणी बोलायचं नाही. मालक आला तरी नाही. नियमाला कारण झाला होता खुद्द करवतवालाच. नवा होता तेव्हा त्याने याच दारातून "चहा आलाय रे!" अशी हाक मारली, धारवाल्याने वळून पाहिलं आणि त्याची डावी करंगळी अर्धी झाली. धारवाल्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. करवतवाला मात्र कधी विसरला नाही. बाकीचे अधूनमधून नियम मोडायचे; हा गडी खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकायचा.

धारवाल्याची बायको जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून दिवसभर त्याच्यासमोर एक ना एक पातं उघडं असायचंच. डबासुद्धा तो तिथेच खायचा. सुरुवातीला लोक सांत्वनाचं तोंड करून दारात यायचे, उघडं पातं बघून जरा घुटमळायचे आणि सुटलो म्हणत परत जायचे. मग यायचेच बंद झाले. त्याला हेच तर हवं होतं. आता तेच त्याला खायला उठलं होतं.

आज करवतवाल्याचा नोकरीतला शेवटचा दिवस. पाचचा भोंगा झाला की तो जाणार, आणि उद्या लेकीकडे, परगावी, कायमचा. पाचाला दहा कमी होते.

पंचविसाव्या दाताला थांबायचं, असं धारवाल्याने ठरवलं. पंचविसावा आला आणि गेला. मग तिसावा. थांबायचं म्हणजे करायचं तरी काय, खोळ घालायची आणि वर बघायचं. पण वर बघितलं की रडू फुटणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं ज्याची नुसती टिंगल केली त्याच्यापुढे एकदम रडायचं कसं? चाळीस झाले. पन्नास झाले. दारातला माणूस हलला नाही. हातातली पिशवी तेवढी त्याने आवाज न करता खाली ठेवली.

बहात्तर दात पुरे झाले. चीर कुठेच नव्हती. धारवाल्याचा हात खोळीपर्यंत गेला, तिच्यावर थोडा वेळ राहिला आणि परत आला. खडूची खूण केलेला पहिला दात त्याने पुन्हा भिंगाखाली घेतला.

हा माणूस धडधाकट पातं दोनदा तपासत नाही, हे करवतवाल्याला कोणी सांगायला नको होतं. तो पुढे आला. टेबलाच्या कडेला पात्याचं कार्ड होतं. त्यावर तपासणाऱ्याने सही करायची आणि वापरणाऱ्याने शेरा लिहायचा. कानावरची पेन्सिल काढून त्याने काहीतरी लिहिलं, कार्ड जागेवर सरळ ठेवलं, पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

भोंगा झाला. बाहेरची मशीनं एकेक करत थांबली, माणसं पांगली. धारवाल्याने कार्ड ओढून घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "पातं ठीक आहे. तू?"

त्याने खोळ उचलली. घाईघाईत ती पहिल्यांदा नीट बसेना. दुसऱ्यांदा बसवली, पट्टा आवळला आणि तो दाराबाहेर आला. कारखाना या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा झाला होता. पार तिकडे, फाटकापाशी, सगळ्यांचा निरोप घेऊन निघालेल्या करवतवाल्याची पाठ दिसत होती.

"बरा नाहीये रे मी!" धारवाला ओरडला. "अजिबात बरा नाहीये! घरी जाववत नाही मला!"

करवतवाला थांबला. वळला. पण तो पुढेही येईना आणि तोंडही उघडेना. पिशवी छातीशी धरून नुसता उभा राहिला. मग तिथूनच, भीत भीत, त्याने विचारलं,

"खोळ घातलीस का?"