बिराच्या समुद्राची परवानगी

दामारिस बसमधून उतरून घरी पोहोचली तेव्हा तिची आई अंगणात पाण्याने भरलेल्या टबात तोंड बुडवून ओणवी बसली होती. वय वर्षं चौसष्ट. एक हात हवेत, आणि त्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती.

दोनदा सगळी बोटं उघडून झाल्यावर आईने तोंड वर काढलं. "दहा," ती धापा टाकत म्हणाली. "काल सहाच झाले होते."

मकासार शहरातून डोंगरातल्या रांतेपाओपर्यंत अख्खा दिवस बसमध्ये अंग आंबवून आलेल्या मुलीचं हे स्वागत. दामारिसने बॅग ओट्यावर आपटली आणि बाबांजवळ कोण आहे ते विचारलं.

आत्ता कोणी नाही, आई म्हणाली, आत्ताच तर कॉफी देऊन आले.

दामारिसचं डोकं तडकलं. शाळेत रजा टाकून ती आली होती ती याचसाठी. शेजारच्या अगुस्तिना मावशींनी फोनवर सगळा पाढा वाचला होता. आई स्कूटर शिकली आणि पहिल्याच आठवड्यात ती मावशींच्या भातशेतात घातली. मग गिटार आणली. तिचे तीन सूर जमेपर्यंत मावशींचं कुत्रं घर सोडून गेलं. मग ढग वरून कसे दिसतात ते बघायला सेसेआनचा डोंगर चढून आली. आता हॉटेलच्या तलावात पोहणं. आणि येत्या शुक्रवारी चर्चच्या बायकांबरोबर थेट बिराला, समुद्रावर. पाण्याखाली डोकं घालून मासे बघायचे होते म्हणे. चार दिवस.

आणि बाबा आतल्या खोलीत. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते शेतातून आले, ओट्यावर बसले, आणि त्यानंतर स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत. अशा माणसाला एकटं टाकून जायचं नसतं हे या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला सोबत लागते, दोन वेळचं ताट लागतं, येताजाता चार शब्द लागतात. धाकट्या काकांनी तर आईला तोंडावर सांगितलं होतं की लोक नावं ठेवताहेत.

"ठेवू देत," आई केस पुसत म्हणाली. "मी त्यांना विचारूनच जाते."

"बाबांना?"

"स्कूटरचं विचारलं, गिटारचं विचारलं. नाही म्हणाले नाहीत."

"ते बोलत नाहीत, आई."

"चाळीस वर्षं बोलतच होते ना. आधी भात कापून होऊ दे. आधी पोरांच्या शाळा होऊ देत. समुद्र काय पळून जातोय का, म्हणायचे."

पालोपोचं बंदर दोन तासांवर, पण बाबांनी आईला तिथपर्यंतही कधी नेलं नव्हतं. दामारिसला हे पाठ होतं आणि म्हणूनच जास्त वैताग येत होता. आई चुकीचं वागत होती आणि वर बरोबर बोलत होती.

जेवायच्या वेळी आईने आधी बाबांचं ताट वाढलं. भात, बांबूत भाजलेलं डुकराचं मांस, वर हिरवी मिरची. ती ते घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. टबातले दहा आकडे, नाकात गेलेलं पाणी, पोहण्याच्या चष्म्याचा तुटलेला पट्टा, सगळं सांगून झालं. मध्येच ती खुदकन हसली. ताट गेलं तसंच परत आलं.

दामारिसने मग समजुतीने घ्यायचं ठरवलं. ऑगस्टपर्यंत थांब, ती म्हणाली. तीनच महिने राहिलेत. ऑगस्टमध्ये मोठा कार्यक्रम आहे, भाऊ येतील, काका येतील, सगळं गाव जमेल. ते एकदा पार पडू दे, मग बिराला जा, बालीला जा, कोणी तुला अडवणार नाही.

आईने डाव खाली ठेवला. "ऑगस्टनंतर मला कुठेच जायचं नाही."

"का?"

"परत येऊन सांगू कोणाला?"

दामारिसने आपलं ताट पुढे ओढलं.

"सेसेआनवरून उतरताना गुडघे कामातून गेले होते," आई म्हणाली. "पण वाटभर घोकत होते, त्यांना हे सांगायचं, ते सांगायचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकताहेत. समुद्राचंही सांगायचंय मला."

दामारिसला आईची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. मागचा विचार न करता ती बोलून गेली की आता बाबांना मीच विचारते, आणि त्यांचं मन नाही असं मला वाटलं तर तू जायचं नाहीस.

आईचा चेहरा एकदम उतरला. "विचार," ती म्हणाली. तिने पोहण्याचा चष्मा मुठीत घट्ट धरून ठेवला.

दामारिसने खोलीचं दार मागून लोटून घेतलं. बाबांच्या पायाशी बसून तिने आधी शाळेचं सांगितलं, बसचं सांगितलं, मग आईबद्दलच्या तक्रारी एकामागून एक मांडल्या. तक्रारी मांडता मांडता मावशींच्या कुत्र्यापर्यंत आली आणि तिलाच हसू फुटलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "जाऊ द्या की तिला."

ती थांबली. घाई केली नाही.

"आई," तिने हाक मारली, "शुक्रवारी बस किती वाजता आहे? तू येईपर्यंत बाबांजवळ मी राहते."

मग तिने चादर वर ओढून बाबांच्या छातीवरचे हात झाकले. तीन वर्षांपूर्वी बाबा वारले त्या सकाळी तिनेच ते हात जुळवून ठेवले होते, आणि मोठा अंत्यविधी होईपर्यंत मेलेल्या माणसाला घरातच ठेवायच्या इथल्या रीतीप्रमाणे, ऑगस्टमध्ये गाव त्यांना डोंगरातल्या कबरीत नेईपर्यंत ते तसेच राहणार होते.