सात पावलांवर एक झाड

"मावशी, ही झाडं कोणी लावलेली आहेत का?" रोस्ली साहेबांनी विचारलं, आणि नगरपालिकेच्या सभागृहातले सगळे अंजलैकडे वळून बघू लागले.

प्रश्न साधा होता. क्वालालंपूरच्या कडेचं ते रान आपोआप उगवलेलं ठरलं, तर त्याला हात लावता येणार नव्हता. माणसांनी लावलेलं ठरलं, तर तिथे इमारती उठणार होत्या, आणि त्यातली एक जुन्या रबरमळ्याच्या मजुरांना मिळणार होती. जुने कागद सापडत नव्हते. अंजलै त्या मजुरांपैकीच. मळा मोडल्यावर 'तात्पुरती' म्हणून मिळालेल्या पत्र्याच्या चाळीत ती अडतीस वर्षं राहत होती. तिच्याइतकं जुनं आता तिथे कोणी उरलं नव्हतं.

समोर मिसेस ओंग बसल्या होत्या, बंगलेवाल्या, रान वाचवायला निघालेल्या. त्यांच्या फलकावर लिहिलं होतं, 'शेकडो वर्षांचं जंगल'. बाईंचं मन चांगलं, पण नजर कच्ची. झुडपं बाजूला सारली की खोडांच्या सरळ ओळी दिसतात, दर सात पावलांवर एक खोड. जंगल असं कवायतीला उभं राहत नाही. रबराच्या ओळींत जन्म गेलेल्या बायकांना मळा मोडल्यावर झाडं लावायला सांगितली, तर त्या दुसरी कशी लावणार? त्यातले कितीतरी खड्डे अंजलैनं स्वतः खणले होते.

"सांग ना अक्का," शेजारी बसलेला चाळीतला कुप्पन कुजबुजला. "तुझ्या एका शब्दावर शंभर घरांना चाव्या मिळतील. का अजून पत्र्याखाली बादल्या मांडूनच झोपायचंय?"

अंजलैला राग आला नाही. आशाही वाटली नाही. कित्येक वर्षांत तिच्या आत काही हललंच नव्हतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "रान आधीपासूनच होतं."

मिसेस ओंगच्या बाजूनं टाळ्या पडल्या. साहेबांनी लिहून घेतलं.

कुप्पननं तिला बाहेर जिन्यात गाठलं. "डोकं फिरलंय का म्हातारे? शंभर घरांवर नांगर फिरवलास! झाडं काय जेवू घालणार आहेत तुला?"

अंजलै कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. ती थांबली नाही.

"तेव्हाचे साहेब म्हणाले, झाडं लावा, घरं देतो. आताचे म्हणतात, झाडं तोडू द्या, घरं देतो. त्यातली झाडं तेवढी आली, कुप्पा."