माळ्यावरची रेंज

कैलासनं खोक्यातून राउटर बाहेर काढला, तसं कोंडाजीचं तोंड उतरलं.

"एवढासाच? खंडाळ्याच्या बंगल्यात म्या बघितलाय. आठ शिंगं होती त्याला."

कैलास लोणावळ्याहून आला होता. बंगल्यांना, हॉटेलांना वायफाय बसवून देणं हे त्याचं रोजचं काम. कुरवंडे गावातलं असं शेतकऱ्याचं घर त्याच्या वाट्याला क्वचितच यायचं.

"शिंगांवर काही नसतं, आबा," तो म्हणाला. "तुमची भिंत दगडी, दीड हात जाड. तिच्यातून मोठ्याचीपण रेंज जाणार नाही. म्हणून दोन लहान आणलेत. एक खाली, एक माळ्यावर, मध्ये वायर. आणि यात सिमकार्डपण बसतं; त्याची अँटेना छपरावर उंच बांधतो, तिथं थोडी रेंज पकडते. पावसात बाहेरची वायर तुटली, तर हा आपला आपण सिमवर जातो."

"आन काम चालू आसतानाच तुटली तर?"

"क्षणभर अडखळेल. पण काम थांबणार नाही."

कोंडाजीनं मान हलवली. "मग ह्योच बसव."

बाहेर त्याचा धाकटा भाऊ बाजीराव शिडी धरून उभा होता. गावात आलेली इंटरनेटची वायर बाजीरावच्या घरापर्यंतच होती. पुढं आणायची तर त्याच्या पडवीवरूनच यायला हवी होती, आणि दोघं भाऊ एका बांधापायी सहा वर्षं बोलत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी कोंडाजीची मुलगी प्रेरणा म्हणाली होती, "बाबा, काकांना एकदा विचारा ना. नुसती वायर तर जायचीय."

"त्याच्या दारात मी न्हाई जायचा. आन तू बी जायचं न्हाईस."

ती गेली नाही. तिला घरून करायची नोकरी लागली होती आणि मोबाईलला रेंज फक्त वरच्या टेकाडावर यायची. ती लॅपटॉप घेऊन तिथं बसायची. पावसाळ्यात छत्री धरून बसली. साहेबांशी बोलताना तिसऱ्यांदा आवाज गेला, त्याच महिन्यात नोकरी गेली. दिवाळीआधी ती बंगळूरला निघून गेली.

परवा कोंडाजी भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. "वायर न्यायचीय," एवढंच म्हणाला.

"ने की," बाजीराव म्हणाला. "त्यात इचारायचं काय, दादा?" मग थोडं थांबून म्हणाला, "पोरगी आली आसती तरी दिली आसती."

कोंडाजी घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

खालचं काम आटोपून कैलास माळ्यावर गेला. खोली लख्ख झाडलेली होती. "जास्त वापर कुठं होणार, आबा? त्या बाजूला लावतो."

"खिडकीपाशी. पोरीचं टेबल तितं आसतंय."

फरशीवर टेबलाच्या पायांच्या चार खुणा होत्या. टेबल नव्हतं.

"नेलं तिनं," कोंडाजी म्हणाला. "यील तवा दुसरं करू."

कैलासनं खिडकीच्या वर खिळा मारला, राउटर टांगला आणि मांडी घालून लॅपटॉप उघडला. "शेजारच्या रिसॉर्टचे पाच-सहा राउटर एकाच वाटेवर, म्हणजे चॅनेलवर, गर्दी करून बसलेत. आपल्याला मोकळी वाट देतो. वरचा-खालचा, दोन्हींना नाव एकच ठेवू, म्हणजे जिना चढता-उतरता फोन तुटणार नाही. काय नाव देऊ?"

"प्रेरणाच दे."

कैलासनं नाव घातलं. मग कोंडाजीचा फोन जोडून त्याच्या हातात दिला. "लावा व्हिडिओ. बघा कसं दिसतंय."

बाजीराव हात पुसत वर आला आणि जिन्याच्या तोंडाशी थांबला. पहिल्याच रिंगला प्रेरणानं फोन घेतला. तिचा चेहरा इतका स्वच्छ आला की कोंडाजीनं फोन जरा लांब धरला. ती वाळली होती.

"बाबा? माळ्यावर आहात तुम्ही? माळ्यावर रेंज?" मग तिला त्याच्या खांद्यामागं कोणीतरी दिसलं. "काका?"

"व्हय, पोरी," बाजीराव म्हणाला. "वायर आणलीय."

"कुठून?"

"माज्या पडवीवरनं."

कोंडाजी घाईनं म्हणाला, "आता तू ये. हितनंच काम कर. वायर तुटली तरी थांबायचं न्हाई, आसला आणलाय. टेबलाचं सुताराला सांगतो."

"बाबा, आमच्या ऑफिसनं घरून काम बंद केलं. उन्हाळ्यापासून रोज जावं लागतं."

"मग ती पयली नोकरी? त्यांला सांगू, आता रेंज आलीय म्हनून."

"ती जागा कधीच भरली, बाबा."

कोंडाजीनं फोन दोन्ही हातांनी धरला. "तवा म्या..." तो म्हणाला. बाजीराव खाली बघत उभा राहिला.

तिकडून काहीच आवाज येईना. प्रेरणाचा चेहरा तसाच होता, ओठ मिटलेले, डोळे न हलणारे. कोंडाजी थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं फोन कैलासपुढं केला.

"आडाकलं का रं हे?"

कैलासनं पडद्यावर पाहिलं. तिच्या मागच्या भिंतीवर पंखा फिरत होता आणि कॅलेंडरचं पान हलत होतं.

"नाही, आबा," तो हळूच म्हणाला. "चालू आहे."