उत्तर नाही

"जे फोन उचलत नाहीत त्यांना सोडायचं नाही. वेळ पडली तर दारात जाऊन यायचं," असं कामावरच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या मिनिटाला विसरून गेली. घरबसल्या फोन करायचे, एवढंच तर काम. कडेवर पोर घेऊन कोण कुणाच्या दारात जातंय?

आज तेच बोलणं तिला आठवलं. समोर संगणकावर गजरचं नाव होतं आणि त्यापुढे पुन्हा तेच: उत्तर नाही.

काम तिच्याच जुन्या, सरकारी विद्यापीठाचं. फी परवडली का, शिकून पोट भरतंय का, आईबापांपेक्षा बरे दिवस आले का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारून अहवाल करायचा होता. गरिबांची फी माफ करणं पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. नावावर बोट दाबलं की फोन आपोआप लागे, नंबर काही दिसत नसे. ज्याचं बरं चाललंय तो पगार सांगायला टपलेलाच असतो, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. न उचलणाऱ्यांचं काय ते आपण समजून घ्यायचं आणि पुढच्या नावाकडे वळायचं.

पण गजर म्हणजे वसतिगृहात तिच्याच खोलीत राहिलेली मैत्रीण. परीक्षेच्या दिवसांत पहाटे अख्ख्या मजल्याला उठवायची, म्हणून गजर. तिची आई गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. फी माफ झाली म्हणून पोरगी शिकली. शेवटच्या वर्षी एकदा म्हणाली होती, "नोकरी लागली नाही ना, तर कुणाला तोंड दाखवणार नाही बघ." तेव्हा दोघी हसल्या होत्या. हिच्या लग्नात शेवटची भेट झाली, तेव्हाही ती नोकरीच शोधत होती.

मग हिचं बाळंतपण आलं. रांगायला लागल्या लागल्या बाळाने फोन बादलीत बुडवला आणि नव्या फोनमध्ये नवरा आणि आई सोडले तर एक नाव उरलं नाही. अनोळखी नंबर वाजला की ती कापून टाके. कर्ज घ्या, विमा घ्या. नेमकं बाळाचा डोळा लागला की यांना उमाळा येतो! दिवसभर ती लोकांना "तुमचं कसं चाललंय" विचारत असे. स्वतःबद्दल बोलायचं नाही, असा कामाचा नियमच होता.

रविवारी तिने बाळाला पोटाशी बांधलं.

"अगं, उत्तर नाही म्हणजे नाही. तू काय पोलीस आहेस?" नवरा म्हणाला.

"ती चप्पल दे इकडे," ती म्हणाली.

गजरच्या गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि ती जागीच थांबली. इस्त्रीचं टेबल भिंतीला उभं टेकवून ठेवलेलं. त्यावर धुळीचा थर. दाराशी टांगलेले कपडे नाहीत, कोळशाचा वास नाही. आईचं काही बरंवाईट झालं? की पोरीचं? पदवी घेऊन पोरगी घरी बसली असेल, घर विस्कटलं असेल, कुणाला पत्ताही नसेल. आणि आपण "उत्तर नाही"वर टिचकी मारून मोकळ्या!

तिने दार वाजवलं. आतून कडी निघाली. समोर गजर उभी. पायात बूट, खांद्याला पिशवी, चांगली धडधाकट.

"तू?" गजर केवढ्याने तरी ओरडली.

"आई..." हिच्या तोंडून एवढंच निघालं. "आई कुठेय?"

"हळू बोल," आता गजरच कुजबुजली. "आत झोपलीय. दुपारी झोपायची तिला जन्माची हौस. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, त्याच दिवशी तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली. आता दुपारभर घोरते."

खरंच, आतून घोरणं ऐकू येत होतं. ही मटकन पायरीवर बसली.

"मग विद्यापीठाचा फोन का उचलत नाहीस, कार्टे?"

"उचलला होता की एकदा! कुणी दुसरीच बाई होती. पहिलाच प्रश्न, पगार किती. माझी बोबडीच वळली. म्हटलं, आता ही कमावती झाली म्हणून माफ केलेली फी परत मागताहेत. तेव्हापासून तो फोन आला की मी घरात नसते."

ही हसायला लागली ती थांबेचना. पोटाशी बांधलेलं बाळ दचकून जागं झालं आणि गजरकडे टुकूटुकू बघू लागलं. डोळे पुसता पुसता हिचं लक्ष त्या बुटांकडे गेलं.

"कुठे निघाली होतीस का गं? मी आपली मध्येच..."

गजरने पिशवी उघडून दाखवली. आत एक नवंकोरं झबलं आणि खुळखुळा.

"तुझ्याकडेच. बाळ झाल्याचं उशिराच कळलं, तेव्हापासून फोन करतेय. दर वेळी कापतेस. माझ्या जिवाला घोर लागला. शेवटी म्हटलं, उचलत नाही ना, मग दारातच जाऊन बघू."

आता ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: फोन न उचलणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आज त्याच्याकडे एकदा जाऊन या. कदाचित तेही पायात बूट घालून, तुमच्याकडेच यायला निघालेलं असेल.