पाणी वाढलं तरच

सर्व्हर चालू होता होता तिसऱ्यांदा अर्ध्यावर येऊन थांबला. काळ्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ: डिस्क सापडत नाही.

"सकाळपर्यंत होती की रे तुझ्याजवळ," मिस्बाह पडद्याला म्हणाली.

माधवनगरच्या आपल्या घरात बसून ती नदीकाठच्या एका गावाला कृष्णेचं पाणी कळवायची. पुलाजवळच्या कॅमेऱ्याचे फोटो भाड्याच्या सर्व्हरवर यायचे, आणि पाणी चढलं की तिथूनच गावातल्या फोनांवर मेसेज जायचा. फोटोंनी डिस्क भरत आली, म्हणून सकाळी तिने डिस्कवरचा जुना कप्पा, म्हणजे पार्टिशन, मोडून मोठं केलं. ऐन पावसाळ्यात दुरुस्ती काढायची दुर्बुद्धी तिचीच. सकाळी पाणी उतरत होतं, म्हणून धीर केला. दुपारनंतर वरचं, मेढ्याकडचं पाणी खाली आलं.

फोन वाजला. त्याच गावचा शिवतेज होता, पलटणीतून सुट्टीवर आलेला.

"मिस्बाताई, पाणी खालच्या गल्लीच्या तोंडाला लागलं. मेसेज का जाईना?"

"सर्व्हर बंद पडलाय. तू लोकांना बाहेर काढ ना!"

"दारोदार सांगतोय. कोण हलंना. म्हंत्यात, पाणी वाढलं असतं तर मेसेज आला असता."

आधी मिस्बाह तासातासाला मेसेज पाठवायची. पण रोज मरे त्याला कोण रडे; लोक वैतागले, वाचेनासे झाले. मग तिनेच नियम केला: पाणी वाढलं तरच मेसेज. दोन पावसाळे तो एकदाही चुकला नाही. आता फोन गप्प होते, म्हणून गाव निवांत होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिने सर्व्हर सुरू करणारी फाइल उघडली. चूक तिथेच होती. नव्या पार्टिशनला नवा क्रमांक मिळाला होता आणि सर्व्हर चालू होताना जुनाच शोधत बसत होता. तिने क्रमांक बदलला, एकेक आकडा-अक्षर बोट ठेवून ताडून पाहिलं आणि बिस्मिल्ला म्हणून रीस्टार्ट दिला. पडदा काळा झाला.

पुन्हा फोन. खालच्या गल्लीतल्या चंद्राबाईंचा. त्यांच्या दारात तीन म्हशी आणि आत नवरा केरबा, गुडघ्यांनी अधू झालेला.

"मिस्बा, शिवतेज बोंबलत सुटलाय बग. खरं हाय का गं?"

"खरंय मावशी. म्हशी सोडा आणि काकांना घेऊन शाळेकडं निघा. आत्ताच्या आत्ता!"

"आवं, उठा," चंद्राबाई आत वळून ओरडल्या. "पाणी आलंय. मिस्बा सोता सांगतीया."

मिस्बाहने फोन कानाशी घट्ट धरला. डोळे पडद्यावर होते; तिथे अजून काहीच उमटत नव्हतं. पलीकडे एक म्हैस रेकली. मग खाटेवरून केरबांचा आवाज आला, सावकाश, समजूत घातल्यासारखा.

"ती पोरगी हाय, घाबरली आसंल. मशीन काय म्हणतंय, ते इचार."