तिसऱ्या माणसाचं धान्य

मंजुषाने घरोघरच्या धान्याचे आकडे पुन्हा टाकून पाहिले. पोशेऱ्याच्या पाड्यावरची बाकी घरं मॉडेलमध्ये नीट बसत होती. देवरामचं घर तेवढं बसत नव्हतं.

"हे घर वगळू का, सर?"

प्राध्यापक हेमराज तिच्या मागे येऊन उभे राहिले. जव्हारच्या त्या हॉलमध्ये पीएच.डी.ची मुलं लॅपटॉपवर वाकली होती. पुढे ही सगळी देशाच्या उपभोगाची आणि बचतीची मोठी मॉडेलं मांडणार होती. त्याआधी प्रत्येकाने एकदा तरी आकडा जिथून येतो त्या घरात जाऊन बसावं, हा सरांचा हट्ट होता. म्हणून हे प्रशिक्षण पुण्यात न होता इथे होतं.

सरांनी पडद्यावर पाहिलं. मागच्या पाहणीत घरात तीन माणसं होती, यंदा दोन. तरणा मुलगा संदीप ठाण्याकडे बांधकामावर स्लॅब कोसळून गेला होता. कमावता हात गेला, खाणारं तोंड गेलं, तरी घरात धान्य तेवढंच शिजत होतं.

"बसत नाही म्हणून वगळायचं नसतं. का बसत नाही ते विचारायचं," ते म्हणाले. "उद्या जाऊन ये."

मंजुषा जव्हारचीच, शिक्षकाची मुलगी. पाड्यावरची बोली तिला कळायची. तरी त्या घरी पुन्हा जायचं तिच्या जिवावर आलं होतं. यंदाच्या पाहणीला ती गेली तेव्हा सगळी उत्तरं देवरामने दिली होती. त्याची बायको माघी पाठ करून नागली निवडत बसली होती आणि मधूनच मागच्या दाराकडे बघत होती, कोणी यायचं असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा भाताची खळी मोकळी झाली होती. निम्मा पाडा कामाला बाहेर गेलेला. शेजारची फागी उंबऱ्यावर बसली होती. मंजुषा कशाला आली ते ऐकून तिने आवाज उतरवला.

"जेवायच्या टायमाला बस तिथं, म्हंजे कळल. पोर गेला ते माघीचं मन मानतच नाय."

देवरामने खाट टाकली. माघीने चुलीवरून भाकरी उतरवल्या, भात काढला आणि नवऱ्याला नि मंजुषाला वाढलं. मग आणखी एक ताट घेतलं. भात, उडदाचं कालवण, दोन भाकरी. कुणाला नुसता नैवेद्य दाखवावा तसं नव्हे, कष्टाच्या गड्याला वाढावं तसं भरून. ते घेऊन ती मागच्या दाराने गेली.

मंजुषाचा घास हातातच राहिला. बाहेर माघीचा आवाज येत होता, हळू, आर्जवी.

"तिखट चालतं ना रं? जेव, बाबा. लाजू नको."

तांब्या टेकवल्याचा आवाज आला. मग पुन्हा, "पानी ठेवलंय बघ."

 मंजुषाने देवरामकडे पाहिलं. तो खाली बघून जेवत होता.

"रोज वाढते," तो म्हणाला. "दोन्ही टायमाला. मागनं कुत्रं खातं नायतर कावळं. मी काय बोलत नाय. तेवढ्यावर ती उभी हाय."

जेवून तो बैल बघायला गेला. मंजुषा घरामागच्या उतारावर चढली, तिथे फोनला रेंज मिळाली. तिने सरांना सांगितलं.

"म्हणजे हिशेबात माणसं तीनच धरायची," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरतरीत झाला होता. "गेलेला मुलगा अजून घरात जेवतोय असं धरलं की तुझं समीकरण तंतोतंत बसतं. मंजुषा, यावर पेपर होईल. पण अर्थ आपण परस्पर लावायचा नाही. तिच्या तोंडून घे."

तिला ते नकोसं वाटलं. माघीच्या दुःखाला समीकरणात जागा सापडली म्हणून आनंद कसला मानायचा? पण मोहाच्या झाडाखाली ते भरलेलं ताट दिसत होतं, आणि त्याच्यापासून हातभर लांब माघी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. मंजुषा तिच्याजवळ जाऊन टेकली.

"मावशी, संदीपसाठी ताट वाढता, असं लिहू ना?"

माघीने मान हलवली. "संदीपचं नको लिवू, बाय. लिवायचं तर खरं लिव."

"मग कुणासाठी?"

देवराम गेला त्या वाटेकडे माघीने बघून घेतलं.

"संदीपच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. ल्हान असतानाच कोयत्याखाली गेलेली. गाडीतनं आनला त्या दिशी पायाला हळद मीच लावली. तोंड वळखायसारखं ऱ्हायलंच नव्हतं. पन पाय दोनी चांगले होते. दाही बोटं."

मंजुषाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले असते तर त्याला परत गाडीत घालून नेला असता. कुठं टाकला असता? कुनाचा तरी पोर तो. मी म्हनलं, आधी ह्याला नीट वाटंला लावून देऊ. आमचा येल चार दिसांत, मंग सांगू." तिने पदराने ताटावरची माशी हाकलली. "ह्यांना नको सांगू. ह्यांनी आग दिलीय."

"मावशी... मग संदीप?"

माघीने खालच्या वाटेकडे पाहिलं.

"असल तिथं त्यालाबी कुनीतरी वाढत असल."