फोटोतल्या माणसाचं नाव

"सर, ह्या फोटोतल्या मेंढपाळाचं नाव काय?" हिंमत असेल तर विचार, असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून शालूनं भर वर्गात विचारलंच.

इंग्रजीतल्या रोमँटिक कवितांसाठी वर्गानं मिळून वेबसाइट केली होती. कुणी अर्थ लिहायचं, कुणी टिपा. पहिल्या पानावर सरांनी दौलताबादच्या पायथ्याशी काढलेला फोटो होता आणि खाली ओळ होती, 'निसर्गाचं निरागस लेकरू'.

"नाव कशाला लागतंय?" सर हसले. "कवितेतल्या मेंढपाळाला कुठं नाव असतं?"

शालूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वर्गातल्या कॉम्प्युटरवर सरांची ओळ पुसली आणि टाइप केलं, 'त्रिंबक शिंगाडे, शालूचे वडील'.

सर गोंधळले. "अगं, तुझ्या वडिलांना मी पालकसभेत भेटलोय की. बजाजनगरला कंपनीत आहेत ना ते?"

शालू घरी आली ती धुसफुसतच, आणि दप्तर न ठेवता आईवडिलांसमोर उभी राहिली.

"आबा, शनिवारच्या पालकसभेला काका नाय, तुम्ही यायचं. ते काका आहेत, वडील नाहीत, हे सरांना मीच सांगणार. खोटं मीच सांगितलं होतं."